१,४९५ पौंडांना विकत घेतलेला विनोद

माझ्या मुलीने ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या चार विद्यापीठांत मेडिसिनसाठी अर्ज केला आणि मार्च २०२५ पर्यंत चारही ठिकाणांहून नकार आला. तिचे गुण कमी नव्हते. यूकॅटमध्ये, म्हणजे मेडिसिनच्या प्रवेशपरीक्षेत, तिला ३,६०० पैकी २,८७० मिळाले होते, आणि शाळेने दिलेल्या प्रेडिक्टेड ग्रेडसुद्धा, म्हणजे अंतिम परीक्षेतल्या अपेक्षित श्रेणी, मागणीइतक्या होत्या. घात झाला तो पर्सनल स्टेटमेंटमधल्या, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या निबंधातल्या, एका विनोदामुळे, जो तिचा नव्हता. ज्या माणसाने तो आम्हाला विकला, तो अजूनही आपल्याच मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पालकांना विनामूल्य मार्गदर्शनाची आमंत्रणे पाठवतो, म्हणून लाज बाजूला ठेवून हे लिहिते आहे.

अशा लोकांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे: आधी फुकटचे सत्र, मग 'शेवटच्या तीन जागा', मग आजच पैसे भरल्यास सवलत. आम्ही एवढे भोळे नव्हतो. परंतु मी आणि माझे यजमान दोघेही बारावी आणि सीईटीच्या गुणांवर प्रवेश घेऊन शिकलेलो; डॉक्टर होण्यासाठी चार हजार अक्षरांत स्वतःबद्दल लिहावे लागते, ही गोष्टच आमच्या पिढीला नवी. त्या लिखाणात चांगले काय आणि वाईट काय, हे ओळखण्याचे कोणतेही माप आमच्या हाती नव्हते, आणि समोरचा माणूस शुद्ध मराठीत 'ताई, ताई' करत आपण स्वतः निवड समितीवर बसलो असल्याचे सांगत होता. ते खरे आहे का, हे मी कोणालाही विचारले नाही. तुम्ही विचारा. कोणत्या विद्यापीठात आणि कोणत्या वर्षी, हे लेखी मागा, आणि त्याची कंपनी खरोखर नोंदलेली आहे का हे कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, यादीत पाहा; ती यादी फुकट पाहता येते.

"ताई, गंभीर निबंध सगळेच लिहितात," तो म्हणाला. "वाचणारा हसला की मूल त्याच्या लक्षात राहते." हे धडधडीत खोटे असते तर मी तिथेच फोन ठेवला असता. पण त्यात अर्धे सत्य होते. मुलाच्या स्वतःच्या अनुभवातून आलेले हलकेसे हसू अशा लिखाणात चालते, आणि माझ्या मुलीच्या पहिल्या मसुद्यात तसे हसू होतेही. ती दर शनिवारी एका वृद्धाश्रमात मदतीला जात असे. तिथले एक आजोबा आपले श्रवणयंत्र बिस्किटांच्या डब्यात लपवून ठेवत, आणि आजोबांशी मोठ्याने बोलण्याआधी डबा उघडून पाहावा, हे शिकायला तिला तीन शनिवार लागले, असे तिने लिहिले होते. त्यात रुग्णाची चेष्टा नव्हती. ती स्वतः काय शिकली, ते होते. त्या माणसाने तो परिच्छेद पूर्ण खोडला आणि बाजूला शेरा मारला, की हे फार मवाळ आहे, यात पंच नाही.

त्याऐवजी त्याने पाठवलेली सुरुवात अशी होती: वयाच्या सहाव्या वर्षी माझा पहिला रुग्ण माझ्याच हातून दगावला. दोन वाक्यांनंतर कळते की रुग्ण म्हणजे टेडी बेअर, त्याच्या पोटाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती, पण नंतर वॉशिंग मशीनमध्ये टाके उसवले. आम्ही दोघे मोठ्याने हसलो. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "आई, माझ्याकडे टेडी कधी होता? मला तर सांगलीच्या आजीने शिवलेली चिंध्यांची बाहुली होती." मी तिला म्हणाले, "अगं, ती नुसती सुरुवात आहे, वाचणाऱ्याला हसवण्यापुरती." हे वाक्य मी उच्चारले, आणि ते मला आजही सहन होत नाही.

पण खरी जाग यायला हवी होती ती त्यानंतर. रात्री अकराच्या सुमारास स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तो मसुदा पुन्हा वाचत होते, तेव्हा तिसऱ्या परिच्छेदात एका ठिकाणी टेडीऐवजी 'माझा हॅमस्टर' असे शब्द दिसले. आमच्या घरात आजवर कोणताही प्राणी पाळलेला नाही. तो शब्द दुसऱ्या कोणाच्या तरी निबंधातून उरलेला होता, हे समजायला काही मोठी बुद्धी लागत नाही. मी काय केले? टंकनाची चूक समजून मी स्वतःच्या हाताने हॅमस्टर खोडला, तिथे टेडी लिहिले आणि फाइल जतन केली. प्राणी बदलून एकच विनोद किती घरांत विकला गेला, याचा पुरावा माझ्या बोटाखाली होता आणि मी तो पुसून टाकला.

विद्यापीठांचे प्रवेश अर्ज यूकास या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. तिच्याकडे आलेले प्रत्येक पर्सनल स्टेटमेंट आधीच्या सगळ्या निबंधांशी ताडून पाहिले जाते, आणि साम्य आढळले तर अर्जदाराला आणि त्याने निवडलेल्या विद्यापीठांना कळवले जाते. ही व्यवस्था योग्यच आहे. २००७ मध्ये अशा तपासणीत पन्नास हजार निबंध पाहिले गेले, तेव्हा २३४ मुलांनी एकच प्रसंग लिहिलेला सापडला: आठव्या वाढदिवसाला मिळालेल्या रसायनांच्या खेळाने प्रयोग करताना पायजम्याला भोक पडले. हे मला नकारानंतर वाचायला मिळाले. 'मला लोकांची सेवा करायची आहे' हे वाक्य हजारो मुले स्वतंत्रपणे लिहितात आणि त्यावरून कोणी कोणाला पकडत नाही. पण एकाच वॉशिंग मशीनमध्ये दोघांचे रुग्ण दगावत नाहीत. विनोद उसना घेतला की तो बोटांच्या ठशासारखा ओळखू येतो. मला हे आधी सुचायला हवे होते, पण आधी सुचावे अशी स्थितीच त्या माणसाने राहू दिली नाही. १५ ऑक्टोबरची मुदत तोंडावर येईपर्यंत त्याने मसुदा हातात दिला नाही.

नोव्हेंबरमध्ये साम्य आढळल्याचा ईमेल आला. मुलीने चारही विद्यापीठांना जे घडले ते खरे लिहून कळवले. एका विद्यापीठाने स्पष्ट उत्तर दिले की निबंध स्वतःचा असल्याची ग्वाही अर्जदार देतो, त्यामुळे जबाबदारी त्याचीच. बाकीच्यांनी नुसता नकार दिला. माझी बाजू एवढीच, की आम्ही निबंध लिहून मागितला नव्हता. मुलीने लिहिलेला मसुदा दिला होता आणि पावतीवर 'संपादन' असा शब्द आहे. म्हणून सांगते, संपादनातून परत आलेल्या मजकुरात तुमच्या मुलाच्या आयुष्यात न घडलेली एकही गोष्ट दिसली, तर तो अर्ज पाठवू नका.

आता पैसे. ३ ऑगस्टला ३५० पौंड, १४ सप्टेंबरला ९००, आणि १० ऑक्टोबरला 'अंतिम सफाई' म्हणून २४५, एकूण १,४९५. शेवटच्या वेळी बँकेच्या ॲपने खात्यावरचे नाव जुळत नसल्याचे दाखवले होते. त्याला विचारले तर म्हणाला, व्यवसायाचे खाते बदलते आहे, आणि मी पुढे जाण्याचे बटण दाबले. नाव जुळत नसेल तर एक पौंडही पाठवू नका, कोणी कितीही ताई म्हणो.

बँकेने पहिल्या दोन रकमांबाबत सांगितले की फसवणुकीची भरपाई बँकांवर बंधनकारक करणारा नियम ७ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला, आणि तुमचे पैसे त्याआधी गेले. तिसरी रक्कम नियमानंतरची होती, तर म्हणाले की हा दोन पक्षांमधला दिवाणी वाद आहे, कारण सेवा तर मिळाली आहे. फोनवरच्या बाईंनी मला विचारले, "निबंध मिळाला ना तुम्हाला?" यावर काय उत्तर द्यायचे? चोरलेली वस्तू विकणाऱ्यानेही वस्तू दिलेलीच असते! पोलिसांच्या वतीने तक्रारी घेणाऱ्या केंद्राने एक लांबलचक क्रमांक दिला आणि नऊ आठवड्यांनी कळवले की तपासाला पुरेसा धागा नाही. मी त्यांना बँक खाते, फोन क्रमांक, पावत्या आणि संभाषणाच्या ४१ पानांच्या प्रती दिल्या होत्या. याहून जाड धागा कोणता असतो? ग्राहक मदतवाहिनीने मला पुन्हा बँकेकडे पाठवले. पैसे घेऊन विद्यार्थ्यांचे निबंध लिहून देणे इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मी प्रत्येकाला ऐकवले, तेव्हा कळले की तो कायदा अभ्यासक्रमाच्या असाइनमेंटपुरता आहे, प्रवेशाच्या निबंधाला तो लागू होत नाही. म्हणजे विद्यार्थी झाल्यावर फसवले तर गुन्हा, आणि होण्याआधी फसवले तर आपले नशीब.

ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मला भेटला, तिथल्या ॲडमिननी दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कोणाला काढता येणार नाही असे सांगितले. त्याची बाजू ऐकायला त्यांना अजून वेळ मिळालेला नाही.

मुलीने २०२५ मध्ये पुन्हा अर्ज केला. आता निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, आणि तिने बिस्किटांच्या डब्याचा तोच परिच्छेद स्वतःच्या शब्दांत परत घातला. त्याच आठवड्यात त्या माणसाचे नवे आमंत्रण ग्रुपवर आले. त्यात नमुन्याची सुरुवात छापलेली होती, आणि या वेळी दगावलेला पहिला रुग्ण कासव होते. त्याचा स्क्रीनशॉट आणि माझ्या मसुद्याचे पहिले पान माझ्याजवळ आहे. ज्या पालकांनी त्याला पैसे भरले आहेत, त्यांनी आपला मसुदा पाठवण्याआधी ही दोन पाने माझ्याकडून मागून घ्यावीत.