आरओ की कार्बन-यूव्ही? क्लोरीनच्या उपपदार्थांची काळजी असेल तर

जंतू मारायला टाकलेला क्लोरीन पाण्यात उतरलेल्या पानापाचोळ्याच्या, मातीच्या अंशाशी मिसळला की ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. क्लोरोफॉर्म त्यातलाच. हे वाचून प्युरिफायर शोधायला लागलेल्यांसाठी लिहितोय. नेरूळला भाड्याच्या घरात आमच्याकडे आरओ (दाबाने बारीक पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, पाणी गाळणारा) होता, स्वतःच्या घरात कार्बन-यूव्ही (कार्बनच्या गाळणीतून नेऊन अतिनील किरणांनी जंतू मारणारा) घेतला.

आधी भीती किती बाळगायची ते. आपल्या भारतीय मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत चारही ट्रायहॅलोमिथेन मिळून ०.०८. वर्षानुवर्षं असं पाणी पिणाऱ्यांमध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं जास्त दिसल्याचे अभ्यास आहेत, पण कारण हेच, असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. क्लोरीन नसेल तर टायफॉइड, कावीळ मात्र दारात उभी असते. क्लोरीन घरापर्यंत यायलाच हवा; पेल्यात नसला तरी चालतो.

आता आरओ. क्षार काढायला त्याला तोड नाही. पण क्लोरोफॉर्मचा रेणू लहान, शिवाय त्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे मेम्ब्रेनमधून तो बराचसा निसटतो. त्याला धरतो तो मेम्ब्रेनच्या आधीचा कार्बन, आणि तोच कार्बन-यूव्हीतही असतो. नवी मुंबईला येणारं मोरबे धरणाचं पाणी मुळात गोडं, म्हणजे कमी क्षारांचं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे) लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं.

तरी माझ्यापुरता निकाल लावला तो आरओच्या टाकीने. कार्बनने क्लोरीन काढून घेतला की त्या पाण्याला राखणदार उरत नाही, आणि ते प्लास्टिकच्या टाकीत पडून राहतं. गणपतीला गावी जाऊन आलो की पहिल्या तांब्याला कोंदट वास यायचा. टाकीच्या आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत लागायचं. टाकी रिकामी करा, धुवा, पुन्हा भरू द्या. आणि तेवढ्यात बाजूच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याने बादली भरलेली. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे नाही, पण ते पाणी मुलांना द्यायला मन धजत नसे. आत्ताच्या यंत्राला टाकी नाही, हवं तेव्हा ताजं पाणी येतं. वीज गेली की अडतं, हे खरं. म्हणून एक कळशी भरलेली असते.

घोडबंदर रोडला टँकर किंवा बोअरवर असाल तर माझं ऐकू नका. आधी टीडीएस तपासा, कदाचित आरओच लागेल. यंत्रच नको असेल तर पाणी झाकण न ठेवता उकळा, खिडकी उघडी ठेवून. क्लोरोफॉर्म वाफेबरोबर उडून जातो. हॅलोअ‍ॅसेटिक आम्लं, म्हणजे क्लोरीनचेच दुसरे उपपदार्थ, मात्र उडत नाहीत. गरम पाण्याच्या आंघोळीतही क्लोरोफॉर्म वाफेतून श्वासात जातो, तेव्हा बाथरूमचा पंखा लावाच.

कार्बन-यूव्ही घेतलात तर एवढं सांभाळा. धार बारीक झाली की कार्बन बदलायचा, असं सर्व्हिसवाले सांगतात. पण क्लोरोफॉर्म धरायची त्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी संपते, आणि क्लोरीनचा वास तेव्हाही येत नसतो, त्यामुळे चवीवरून काही कळत नाही. खोक्यावर लिहिलेले लिटर संपायच्या आतच बदलून घ्या, पावसाळ्यात तर जरा लवकरच.