बिझनेस ॲनालिसिस: बाहेरचा कन्सल्टंट की घरचा माणूस? दोन्ही वापरून बघितल्यानंतर

आमचं मशिनिंगचं युनिट आहे, भोसरी एमआयडीसीत. टॅली आणि एक्सेलवरून ईआरपीवर, म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन, हिशोब सगळं एकाच सॉफ्टवेअरवर जायचं ठरलं तेव्हा जो तो सांगत होता की आधी आपल्याला नक्की काय पाहिजे ते लिहून काढा, मग व्हेंडर बघा. हेच ते बिझनेस ॲनालिसिस. ते काम बाहेरच्या एका फर्मला दिलं, आणि गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टिम प्रत्यक्ष सुरू व्हायच्या आधीपासून ते आमच्याच पीपीसीतल्या (उत्पादनाचं नियोजन बघणाऱ्या विभागातल्या) पोराकडे आलं. आता बरेच महिने झालेत, त्यामुळे दोन्हीचं पाणी कळलंय.

फर्मचं आधी चांगलं सांगतो. परचेस इंडेंटवर (खरेदीच्या मागणीच्या कागदावर) तीन सह्या कशाला लागतात हे त्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं. मधली सही साहेबांच्या मेहुण्यांची, ते आठवड्यातून दोनदा येणार, तोपर्यंत इन्सर्टची (मशीनच्या कटिंग टूलच्या पात्यांची) ऑर्डर पडून. हे सगळ्यांना माहीत होतं पण बोलणार कोण? बाहेरचा माणूस बोलला आणि ती सही गेली. तेवढ्यासाठी दिलेले पैसे मला जड वाटले नाहीत.

पण विकायला आलेले सिनियर नंतर दिसलेच नाहीत, कामाला दोन नवखी पोरं आली. हुशार होती, पण पहिली वर्कशॉप गुरुवारी ठेवली, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी. तेही जाऊ दे. खरी गंमत प्लेटिंगची. आमचा माल प्लेटिंगला बाहेर जातो, जाताना नगावर चलन बनतं आणि प्लेटर परत देतो वजनावर. प्लेटिंग चढल्यावर वजन बदलतं, वर काही पीस रिजेक्ट, त्यामुळे ५०० गेले तर कधी ४९२ येतात तर कधी कागदावर ५०३. आमच्या स्टोअरच्या काकांच्या वहीत 'फरक' नावाचा कॉलम आहे, तो ते पेन्सिलने भरतात आणि महिनाअखेर प्लेटरशी बसून मिटवतात. फर्मच्या चकचकीत फ्लोचार्टमध्ये तिथे नुसता एक चौकोन होता, 'माल परत आला'. संपलं. आता जीएसटीत जॉबवर्कला, म्हणजे असं काम करून घ्यायला बाहेर दिलेला माल वर्षात परत आला नाही तर पाठवलेल्या तारखेपासूनच तो सप्लाय, म्हणजे विकल्यासारखा, धरला जातो, म्हणजे ते आठ पीस सिस्टिममध्ये उघडे राहिले की पुढे टॅक्स आणि व्याजाचा ताप. आमच्या पोराने हे पहिल्याच डेमोला पकडलं कारण त्या वहीवर तो स्वतः बसलेला होता.

म्हणून घरचाच माणूस भारी असंही नाही हां. महिनाअखेरीला डिस्पॅच अडकला की पहिला त्यालाच ओढतात, ॲनालिसिस गेलं खड्ड्यात. शिवाय रोज ज्यांच्यासोबत कॅन्टीनला जेवायचं त्यांना नाही म्हणवत नाही, मग डिस्पॅचवाल्यांनी मागितले तेवढे रिपोर्ट त्याने लिहून घेतले, त्यातले निम्मे आज कोणी उघडत नाही. आणि काही ठिकाणी त्याने जुनी एक्सेलच जशीच्या तशी स्क्रीनवर मागितली.

खर्चाबद्दल लोक उगाच गोंधळ घालतात. कन्सल्टंटच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी बहुतेकांना क्रेडिटमध्ये परत मिळतो, टीडीएस तर त्यांच्याच पैशातून कापायचा, त्यामुळे हे दोन्ही वाढीव खर्च म्हणून धरू नका. फर्म उद्यम नोंदणीवाली मायक्रो किंवा स्मॉल असेल तर पैसे फार तर ४५ दिवसांत, तेही लेखी करार असला तर, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात, नाहीतर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी इन्कम टॅक्सला धरता येतो. घरच्या माणसाचा हिशोब करताना मात्र सगळे फक्त पगार बघतात. त्याची जुनी खुर्ची रिकामी पडते ते काय फुकट असतं का?

माझं मत विचाराल तर गो-लाइव्हनंतर रात्री साडेआठला स्टोअरमधून फोन आला की जो उचलणार आहे, त्यानेच रिक्वायरमेंट लिहावी. फर्म साइन-ऑफ, म्हणजे 'काम मंजूर' अशी सही घेऊन मोकळी होते, पण आमच्याकडे निम्म्या गरजा साइन-ऑफनंतरच बाहेर आल्या. बाहेरचा माणूस हवा तो त्या लिखाणाला नडायला. क्वालिटी मॉड्यूलला आता तसंच करतोय, ड्राफ्ट आमच्या पोराचा आणि त्यावर प्रश्न विचारायला एकटा फ्रीलान्सर, दिवसाच्या रेटवर. करारात त्याचंच नाव घातलंय, दुसऱ्याला पाठवायचं नाही, निम्मे दिवस शॉप फ्लोअरवर उभं राहायचं आणि फाइली एडिट करता येतील अशाच द्यायच्या. मागच्या फर्मने सगळं पीडीएफमध्ये दिलं होतं, एक चौकोन बदलायचा तरी परत कोटेशन. पोराला महिन्याचा शेवटचा आठवडा सोडून बाकी दिवस मोकळं ठेवायचं साहेबांकडून मेलवर लिहून घेतलंय, कारण तोंडी सांगितलेलं आमच्याकडे पंचवीस तारखेच्या पुढे टिकत नाही.