जुनी टेलिलेन्स घेताय? आधी घारीवर लावून बघा

कोल्हापुरात जुन्या कॅमेऱ्यांचा धंदा करणाऱ्या एकाने मला पुरात भिजलेली लेन्स ५५ हजारांना विकली. नाव लिहीत नाही, पद्धत लिहितो. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या आणखी काहींना त्याने असंच गाठल्याचं नंतर कानावर आलं.

लेन्स निकॉनची २००-५०० मिलिमीटरची, एफ ५.६ (हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो). वजन सव्वादोन किलोच्या पुढं, हातात धरून घारीमागं फिरवली की खांदा भरून येतो. पण झूम पार ५०० वर नेला तरी एफ ५.६ मिळतं, म्हणजे चांगल्या उन्हात १/२००० सेकंदाचा शटर आरामात, उडता पक्षीही फोटोत हलत नाही. नवी परवडत नाही म्हणून आपल्यातले बरेच जण जुनी शोधतात, आणि हे त्याला पक्कं ठाऊक.

त्याने बोलावलं दिवेलागणीला, पेठेतल्या एका गच्चीवर. अंबाबाईच्या देवळाच्या शिखरावर फोकस लावून दाखवला, टक्कन लॉक. समोरच्या दुकानाच्या पाटीवर, टक्कन. पुढची-मागची काच लख्ख. बिल मागितलं तर म्हणाला, "दादा, बिल पुण्याच्या पार्टीकडं राहिलंय, परवा पाठवतो." वर घाई: गडहिंग्लजचा एक जण रात्रीच रोख घेऊन येणार होता म्हणे. हा गडहिंग्लजचा माणूस प्रत्येक सौद्यात असतो.

गंमत अशी की सुरुवातीचे फोटो झकास आले. उसाच्या फडावर कापशी, म्हणजे छोटी पांढुरकी घार, एकाच जागी पंख फडफडवत थांबते. अंतर बदलतच नाही, त्यामुळे फोकसच्या मोटरला काम नसतं. डोळ्यातला लालपणासुद्धा स्पष्ट. उंचावर गिरक्या घेणारी घारही जमली. बिंग फुटलं मसाई पठारावर. गवताला घासून भोवत्या हा शिकारी पक्षी सरळ अंगावर येत होता. लांब होता तोवर लेन्सने धरला, जवळ येऊ लागला तशी आतून कुर्रर्र आवाज करून मध्येच अडकली. पुन्हा लांबवर बघितलं की सुरळीत. म्हणजे दोष होता तो फक्त भराभर अंतर कमी होताना. शिखर काही तुमच्या अंगावर उडत येत नाही!

दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर उघडली. फोकस रिंगचं रबर सोलल्यावर खाली मातकट, बारीक पूड. बोटाने चोळली तर गुळगुळीत लागली. आतलं ग्रीस काळं, चिकट झालेलं. माऊंटचे, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या कड्याचे, स्क्रू कोरे करकरीत, आतले तांबेरलेले. "साहेब, ही पाण्यात बसल्या," एवढंच तो बोलला. २०१९ चा पूर की २०२१ चा, ते सांगता येईना. मोटर आणि साफसफाईचा खर्च मात्र लेन्सच्या निम्म्या किमतीचा.

विकणाऱ्याचं उत्तर तयार होतं: "उघडली न्हवं? आता माझी जबाबदारी न्हाई." पण सौद्याआधी मी व्हॉट्सअॅपवर विचारून ठेवलं होतं आणि त्याने लिहून दिलं होतं, "एकदम क्लीन, पाण्याचा विषयच न्हाई." त्या एका ओळीवर माझी लेखी तक्रार उभी आहे. खोटं सांगून पैसे घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीत येतं. विकणारा हा धंदा म्हणून करत असेल तर ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे. १९१५ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. तेव्हा पाणी, बुरशी आणि दुरुस्ती, या तिन्हींबद्दल लिहूनच विचारा. फोनवरचं गोड बोलणं काही कामाचं नाही. रोखच मागत असेल तर पैसे मिळाल्याचं लिहून घ्या.

टॉर्च मारून काच सगळेच बघतात. बुरशी त्यात दिसेल, मोटर दिसणार नाही. त्यासाठी विकणाऱ्याला सकाळी रंकाळ्यावर बोलवा. ऊन तापलं की घारी वर चढतात, त्याआधी पाण्यावरून खालून येतात. तुमच्या दिशेने येणारी एखादी निवडा, कॅमेरा सतत फोकसवर (पक्षी सरकेल तसा फोकस आपोआप बदलतो, त्या सेटिंगवर) ठेवून लांबून पार डोक्यावर येईपर्यंत शटर दाबून धरा, आणि कान लेन्सकडे ठेवा. अधूनमधून एखादी फ्रेम हुकली तर चालतंय. दरवेळी त्याच अंतरावर अडकली तर उठून घरी जा. मी सांगितल्यावर एका मित्राने दुसऱ्या एका विकणाऱ्याला असं बोलावलं. तो म्हणे, "सकाळी जमत न्हाई, संध्याकाळी गच्चीवर या."