अ‍ॅल्युमिनियमचा दीड टनी जॅक: गोव्यात, मांद्र्यातल्या अंगणात नऊ महिने

आमचे हे जहाजावर, वर्षातले सहा-सात महिने घराबाहेर. दारात माझी वॅगन आर आणि सासऱ्यांची जुनी मारुती 800, आणि दोन्हींची चाकं काढायची-घालायची ती मीच. आधी गाडीसोबत आलेल्या कात्री जॅकवरच भागवत होते. पण मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात अंगणातल्या तांबड्या मातीत त्याचं बूड एका बाजूने रुतलं आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत कलंडायला लागली. चाक अजून काढलं नव्हतं, म्हणून निभावलं. त्याच संध्याकाळी ठरवलं, की घरी नीट जॅक हवा आणि तो मला एकटीला उचलता आला पाहिजे.

गेल्या मे महिन्यात म्हापशाच्या एका दुकानात तीन जॅक उचलून पाहिले. तीन टनी स्टीलचा तर जागचा हलवतानाच कंबर धरली. दोन टनी छोटा स्टीलचा, प्लास्टिकच्या पेटीतला, नऊ किलोच्या आत. तिसरा हा, दीड टनी अ‍ॅल्युमिनियमचा, घरच्या काट्यावर तेरा किलो भरला. सगळ्यात हलका छोटा स्टीलचाच होता आणि किंमतही याच्या पाव-तिहाई. तरी घेतला नाही, कारण तो हलका आहे तो आखूड आहे म्हणून. दांडा आखूड, त्यामुळे जोर जास्त लागतो. शिवाय पूर्ण खाली केला तरी जमिनीपासून तेरा सेंटिमीटर उंच राहतो. हवा गेलेल्या चाकावर गाडी खाली बसते, तेव्हा तिथे जॅक घालायलाच जागा अपुरी. माझा नऊ सेंटिमीटरवर बसतो आणि पस्तीसपर्यंत जातो. बॉटल जॅक वजनाला त्याहून कमी, पण उभा असल्यामुळे पंक्चर झालेल्या गाडीखाली जातच नाही. म्हणून हलका जॅक बघताना वजन धातूमुळे कमी झालंय की लांबी छाटून, एवढं आधी बघा.

"दीड टन कमी पडेल, तीनचाच घ्या" असं दोघा-तिघांनी सांगितलं. हिशोब साधा आहे. 800 चं वजन सुमारे 650 किलो, वॅगन आर साडेआठशेच्या आसपास. इंजिन पुढे असल्यामुळे पुढचा भाग जड, तरी पुढचा एक कोपरा उचलायला तीनशे किलोच्या आसपासच भार येतो. घरच्या छोट्या गाडीला दीड टन भरपूर झाले. मोठी एसयूव्ही असेल तर वेगळा विचार करावा.

आता खरी अडचण. हा चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक. त्याची वाटी, म्हणजे गाडीला खालून टेकणारं टोक, सरळ वर जात नाही, कमानीसारखी वळत वर जाते. म्हणून गाडी उचलली जात असताना जॅकने आपल्या छोट्या चाकांवर पुढे सरकायला हवं. गुळगुळीत फरशीवर तो सरकतो. आमच्या अंगणात चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, चुरा आणि माती. तिथे चाकं अडकली आणि पहिल्याच दिवशी वाटी 800 च्या दाराखालच्या पट्टीवरून घसरली, पट्टी वाकली. बाबा काही बोलले नाहीत, नुसता त्या जागेवर अंगठा फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी सुतारकामातून उरलेला अठरा मिलिमीटर मरीन प्लायचा तुकडा आणला, तीन फूट बाय दीड फूट. जॅक त्यावर ठेवला की चाकं फिरतात आणि बूडही रुतत नाही. गाडीच्या पट्टीला दोन खाचा असतात, त्यांच्या मधोमधच वाटी लावायची. तिथे खाच असलेला रबरी गट्टू घालते. बाबांच्या गाडीवर त्यानंतर एकही नवा पोचा नाही.

गणेश चवथीपर्यंत जॅक चांगला चालला. त्यानंतर मात्र वर केलेली गाडी हळूहळू खाली यायला लागली. दुकानात फोन केला तर "कंपनीला विचारतो" म्हणाले आणि विसरले. शेवटी गॅरेजमधल्या मेकॅनिकने सांगितलं, तेलात हवा शिरली असेल. भार न ठेवता व्हॉल्व्ह सैल करून दांडा आठ-दहा वेळा पूर्ण खालीवर केला, मग व्हॉल्व्ह घट्ट केला. थांबलं. तेल कमी झालं तर जॅकचंच हायड्रॉलिक ऑइल घाला. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका, त्याने सील खराब होतात. खाऱ्या हवेत स्टीलचे बोल्ट जिथे अ‍ॅल्युमिनियमला भिडतात तिथे पांढरी पूड धरते. महिन्यातून एकदा ती पुसून ग्रीस लावते आणि पडवीत ठेवताना जॅक पूर्ण खाली करूनच ठेवते. दुकानाने सोबत दिलेला रबरी गट्टू मात्र चार महिन्यांत चिरला. सुटा मिळत नाही म्हणाले, तो मी दुसरीकडून घेतला.

एक गोष्ट कळकळीने सांगते. जॅक फक्त उचलायला आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. उचललेली गाडी टेकवून ठेवायला मी दोन स्टँड त्याच वेळी घेतले. आपल्याकडे त्यांच्याऐवजी सर्रास चिरे लावतात. चिरा भिंतीत मजबूत, पण गाडीचा भार एका टोकावर आला की भुगा होऊन फुटतो. पोकळ सिमेंटच्या ब्लॉकचंही तेच. उचलायच्या टोकाच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना आधी लाकडी पाचरी, हँडब्रेक, गाडी पहिल्या गियरमध्ये, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल. मग दांड्याला हात.

गेल्या रविवारी वॅगन आरची पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली. एकटीने, पाऊण तासात, आणि कंबर दुखली नाही. तुमच्याकडे काँक्रीटचं अंगण आणि थोडी उंच गाडी असेल तर दोन टनी स्टीलचा छोटा जॅक पुरेल, उरलेल्या पैशात स्टँड घ्या. माती-चिऱ्याचं अंगण, बसकी गाडी आणि उचलणारी व्यक्ती एकटी असेल तर हाच घ्या, आणि त्याच दिवशी प्लायचा तुकडाही कापून आणा.