कोल्हापूर विमानतळ: नवं टर्मिनल झाल्यापासूनचा अनुभव

नोकरी हैदराबादला आणि आई-बाबा इचलकरंजीत, त्यामुळे उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, माझं सतत येणं-जाणं असतं. मार्च 2024 मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, त्याआधीची छोटी इमारतही मी वापरली आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, 1939 साली सुरू झालेला हा विमानतळ. नव्या इमारतीतला काळा दगड आणि कमानी पाहिल्या की आपण कोल्हापुरातच उतरलोय हे लगेच कळतं. मला हे मनापासून आवडलं.

सगळ्यात मोठी सोय म्हणजे चालावं लागत नाही. बाबांच्या गुडघ्यांना मोठ्या शहरांतले लांबलचक विमानतळ झेपत नाहीत. इथे दारातून आत गेलं की चेक-इन, तपासणी, बसायची जागा, सगळं हाकेच्या अंतरावर. मात्र विमानात शिडीनेच चढावं लागतं, म्हणून व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

हैदराबादला जाणारं एटीआर हे पंख्यांचं विमान आहे. वरचे कप्पे लहान असतात, मोठी ट्रॉली बॅग मावत नाही. ती चेक-इनलाच द्यावी. पंख्यांचा आवाज पुढच्या रांगांत जास्त येतो आणि प्रवाशांचं दार मागे असतं, म्हणून वयस्कर माणसांसाठी मी मागची सीट घेतो. पंख वर असल्याने खाली उसाची शेतं अगदी स्वच्छ दिसतात.

आता मुख्य मुद्दा. इमारत झाली, पण विमानतळ खरा वाढतो तो धावपट्टीने. इथली धावपट्टी आधी 1370 मीटर होती, ती 1930 मीटर झाली. त्यावर एटीआर किंवा एम्ब्रेयरसारखी सत्तर-ऐंशी आसनांची विमानं चालतात. एअरबससारखं दीड-पावणेदोनशे आसनांचं विमान नियमित यायचं तर 2300 मीटर तरी हवी, आणि त्यासाठी आणखी जमीन लागते. आसनं कमी म्हणून दिवाळी आणि गणपतीत भाडं भडकतं. ‘उडान’ या छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेत सवलतीचा दर फक्त काही आसनांना असतो आणि सरकारी मदत एका मार्गाला तीनच वर्षं मिळते. मदत संपली की अनेक मार्ग डळमळतात. 2018 पासून इथे किती मार्ग सुरू झाले आणि बंद पडले ते कोल्हापूरकरांना तोंडपाठ आहे. गोकुळ शिरगावचा फाउंड्रीवाला किंवा इचलकरंजीचा सूत व्यापारी भाडं द्यायला तयार आहे, त्याला फक्त वेळ पक्की हवी. सकाळी मुंबईला जाऊन रात्री घरी, एवढं रोज जमलं तरी हा विमानतळ कुणाच्या मदतीवर अवलंबून राहणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

रात्री विमान उतरण्याची सोय झाली आहे, तिचा उपयोग अजून वाढायला हवा.

पावसाळ्यात जपून. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली आले की विमान उशिरा येतं, कधी दुसरीकडे वळतं, कधी रद्दच होतं. पुढचं परदेशाचं विमान असेल तर त्या महिन्यांत मी आदल्या रात्रीच ट्रॅव्हल्सने निघतो. इतर महिन्यांत मात्र बसमधले ते दहा-बारा तास आता नकोच वाटतात.