माझाच ट्रान्सफर केस मला 58,400 रुपयांना विकला

टोचनच्या धंद्यात असाल, फोर बाय फोर पिकअप वापरत असाल, तर हे वाचा. गॅरेजवाले कसे गंडवतात ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं, तरी गेलो.

फोर लोमध्ये (चारही चाकांना ताकद, गिअर खालचा) टाकून भरलेला टेम्पो खेचताना खालून कडाड्‌ कडाड्‌ आवाज यायला लागला. टू व्हीलमध्ये गाडी गपगुमान चालायची. ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी. तिच्यातली पुढच्या शाफ्टकडे ताकद नेणारी चेन दातांवरून उडत होती. गॅरेजवाला म्हणाला, "केसच संपलाय, खोलण्यात अर्थ नाही. रिकंडिशन तयार आहे, वर्षाची वॉरंटी." केस 58,000, जुना बदल्यात दिला म्हणून 7,500 वजा, मजुरी 6,500, ऑइल 1,400. तीस हजार यूपीआयने घेतले, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर. उरलेले 28,400 रोख. हातात कच्ची चिठ्ठी, तिच्यावर वॉरंटीचा व सुद्धा नाही.

आणि आता ते, ज्याने अजून झोप उडते. गाडी लिफ्टवर असताना मी खाली उभा होतो. "नवा" केस चकचकीत चंदेरी रंगात, ड्रेन प्लगसुद्धा रंगवलेला. नंबरची पट्टी गायब. आणि हौसिंगच्या (केसच्या बाहेरच्या कवचाच्या) बुडाला एक खोक, माझ्या केसला दगड लागून पडली होती अगदी तशीच, त्याच जागी! मी विचारलंसुद्धा. तो हसून म्हणाला, "सगळ्या गाड्यांना तिथंच लागतं, शेठ." ट्रान्सफर केस खालीच लोंबतो, त्यामुळे पटलं. बाहेर गिऱ्हाईक फोनवर फोन करतंय, गाडी उभी म्हणजे कमाई शून्य. अशा वेळी हातात टॉर्च घेऊन खोक कोण तपासत बसतो?

चढावर पुन्हा तोच आवाज आला, तेव्हा दुसऱ्या फिटरकडे केस उघडला. आत तीच लोंबलेली चेन. नवं काय, तर सिलिकॉन आणि रंग. पातळ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं तिथे आवाज दबावा म्हणून जाड गिअर ऑइल ओतलेलं. चेन, दोन बेअरिंग, सील, मजुरी धरून 19,300 मध्ये काम झालं. एवढंच काम होतं ते!

जुना पार्ट बदल्यात देणार असाल, तर आधी हौसिंगवर पंचने खूण करा, फोटो काढा. केस समोर खोलायला लावा.

चौकीत गेलो, तर "हा दिवाणी मामला आहे." चंदेरी रंगाखालची माझी खोक दाखवली, तर साहेब म्हणे बिल कुठंय. बिल असतं तर चौकीत कशाला आलो असतो? विम्यात यांत्रिक बिघाड बसत नाही. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर तर कमालच झाली. "टोचन म्हणजे व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही." अहो, गाडी मीच चालवतो, हुक मीच लावतो, ना ड्रायव्हर ना क्लीनर! ग्राहक संरक्षण कायदा, 2019, कलम 2(7) खाली स्पष्टीकरण आहे: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरत नाहीत. ते मी खिडकीतल्या माणसाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "वकील आणा." पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, हेही त्याने सांगितलं नाही, मलाच शोधावं लागलं. मुदत दोन वर्षांची, तेवढ्यात हे लोक नुसते टोलवत राहतात.

भलत्या नावाचा क्यूआर दिसला की पैसे थांबवा. जीएसटी बिल मागितल्यावर "18 टक्के वर लागतील" म्हणाला, की गाडी बाहेर काढा.

वकिलाकडून नोटीस पाठवली. गॅरेजवाल्याने घेतली नाही, पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत आलं. तुमचंही असं परत आलं, तर फोडू नका. तसंच बंद पाकीट तक्रारीला जोडायचं, मी तेच केलंय.