कुंडीतली माती पोसताना: तीन ऋतूंच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यातली उघडी गच्ची, १२ बाय १२ इंचांच्या १६ आणि १५ बाय १५ च्या ४ ग्रो बॅग, त्यांत टोमॅटो, वांगी आणि मिरची. जून ते मार्च, पूर्ण दहा महिने. रासायनिक खत एकदाही नाही, आणि पहिलं पीक निघाल्यावर माती टाकून दिलेली नाही. ‘झाडाला खत घालू नका, मातीला घाला’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. कुंडीत ते नेमकं कुठे लागू पडतं आणि कुठे फसतं, ते इथे मापांसकट लिहिलं आहे.

आधी मिश्रण. १०० लिटर मातीत लहान ५ पिशव्या भरतात. लाल पोयट्याची माती ३० लिटर, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सालाचा चुरा) २५, गांडूळ खत २०, वर्षभर कुजलेलं शेणखत १०, भाताचं तूस १५. रंगाची १० लिटरची रिकामी बादली मापाला सोयीची पडते. या शंभरात निंबोळी पेंड ५०० ग्रॅम, बोनमील (हाडांची पूड) ४०० ग्रॅम आणि जिप्सम २०० ग्रॅम. काळी माती शक्यतो टाळावी. ती शेतात सोनं असली तरी पिशवीत पाणी पडलं की फुगून चिकट होते, सुकली की कडांपासून सुटते आणि पुढचं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. तीच मिळत असेल तर १५ लिटरच घ्या आणि तूस ३० करा.

कोकोपीटची ५ किलोची वीट भिजली की ६५ ते ७० लिटर होते. ती न धुता वापरण्याचा मोह होतो, पण त्यात मीठ असतं. तीन पाण्यांतून काढून पिळायची. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं तांबडं निघतं, तिसरं फिकट झालं की पुरे. कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवतं, जिप्सम त्यासाठीच आहे. जिप्समने मातीचा सामू (pH) चढत नाही, चुन्याने चढतो.

तुसाऐवजी सुताराकडचा भुसा घालू नका. ही चूक फार जण करतात. भुशात कर्ब प्रचंड आणि नत्र नावापुरतं, त्यामुळे तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच उचलतात आणि रोप खालच्या पानांपासून पिवळं पडत जातं. मग माणूस आणखी खत घालतो. तुसात सिलिका असल्याने ते सावकाश कुजतं, माती भुसभुशीत राहते आणि नत्राची ओढाताण फारशी होत नाही.

मिश्रण केल्या केल्या पिशवीत भरलं तर रोपं भाजतात. ताडपत्रीवर ढीग करून, मुठीत लाडू वळेल पण बोट लावताच फुटेल इतपत ओलं करायचं आणि गोणपाट झाकून ३ ते ४ आठवडे सावलीत मुरू द्यायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मनगटापर्यंत हात आत घातला तर चांगलंच गरम लागतं, वर अमोनियाचा नाकाला झोंबणारा वास. पेंड कुजतानाची ही आग आहे. यात रोप लावलं तर पानांच्या कडा करपतात आणि रोप महिनाभर जागचं हलत नाही. आठवड्यातून एकदा ढीग खालीवर करा. हात थंड लागला, वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा आला आणि ढेकूळ फोडल्यावर आत बुरशीचे पांढरे धागे दिसले की माती तयार.

आता जीवामृत. याबद्दल इतकं बोललं जातं की आकडेच मांडलेले बरे. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांची २०० लिटरची कृती १० लिटरवर आणली तर अर्धा किलो देशी गाईचं ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची चिमूटभर माती. सावलीत ४८ तास, दिवसातून दोनदा ढवळायचं, आठवड्याच्या आत संपवायचं. या १० लिटरमध्ये सगळं मिळून ढोबळमानाने १० ग्रॅम नत्र असतं. कुंडीला ते दहापट पाण्यात, पिशवीमागे अर्धा लिटर दिलं, तर एका वेळी ग्रॅमचा विसावा भाग नत्र पोहोचतं. टोमॅटोच्या झाडाने २ किलो फळं दिली तर त्याने साधारण ५ ते ६ ग्रॅम उचललेलं असतं. हिशेब उघड आहे. जीवामृत हे विरजण आहे, दूध नाही. दूध नसलेल्या भांड्यात कितीही विरजण घाला, दही लागणार नाही. फक्त जीवामृतावर ठेवलेल्या दोन पिशव्यांतली मिरची तिसऱ्या महिन्यात फिकट पडली ती याचमुळे. नवी माती मुरवताना एकदा आणि नंतर महिन्यातून एकदा दिलं तरी काम भागतं. गाळून द्या, नाहीतर गुळामुळे मुंग्या लागतात, आणि मुंग्यांच्या पाठोपाठ मावा आणि पिठ्या ढेकूण येतो.

खरं पोषण पेंड आणि गांडूळ खतातून होतं. लहान पिशवीला महिन्याला निंबोळी पेंड १५ ग्रॅम, म्हणजे एक भरलेला मोठा चमचा, आणि गांडूळ खत दोन मुठी. मोठ्या पिशवीला याच्या दुप्पट. १५ ग्रॅम पेंडीत ५ टक्के धरलं तर पाऊण ग्रॅम नत्र आहे. घालण्याची पद्धत महत्त्वाची: आच्छादन बाजूला सारायचं, खोडापासून ३ इंच सोडून गोलाकार इंचभर माती उकरायची, खत घालून झाकायचं, पाणी द्यायचं आणि आच्छादन परत ओढायचं. पेंड उघडी राहिली तर दोन दिवसांत तिच्यावर बुरशी धरते, माश्या घोंगावतात आणि नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

बोनमील मात्र भरतानाच. फुलं आल्यावर घातलेलं त्या पिकाला वेळेत मिळत नाही. आम्ल लाल मातीत ते विरघळतं तरी, चुनखडीच्या मातीत पडूनच राहतं. शिवाय वासाने कुत्री आणि उंदीर पिशव्या उकरतात, त्यामुळे ते खोलवर मिसळलेलंच बरं. चुलीची राख महिन्याला एक चमचा पुरे, आणि बोअरचं कठीण पाणी असेल तर तीही नको.

एवढं सगळं बरोबर केलं तरी झाडं उपाशी दिसू शकतात, आणि दहा महिन्यांत सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट हीच ठरली. सेंद्रिय मातीतलं अन्न जिवाणूंनी फोडल्याशिवाय मुळांना मिळत नाही, आणि माती सुकली की जिवाणूंचं काम थांबतं. २० लिटरची पिशवी फेब्रुवारीच्या उन्हात एका दुपारीत अर्धी सुकते. पान पिवळं दिसतं, आपण खत वाढवतो, आणि खरी गरज असते ती कायम वाफशाची, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची. बोट दोन पेरं आत घालून ओल बघा, वरून बघू नका. मार्चअखेरीस भरात असलेला टोमॅटो लहान पिशवीत दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी पितो. ते सकाळ-संध्याकाळ विभागून द्या. पिशवी पूर्ण सुकू दिली तर कोकोपीट पाणी झिडकारतं आणि पाणी कडेने निघून जातं. अशी पिशवी अर्धा तास पाण्याच्या टपात बसवून खालून भिजवावी लागते.

टोमॅटोच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडतो तोही बहुतेक वेळा याच कारणाने. कॅल्शियम मातीत असतं, पण ते पाण्याबरोबरच फळात पोहोचतं आणि पाण्यात खंड पडला की आधी फळाला तुटवडा होतो. त्यावर अंड्याची कवचं टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जूनमध्ये मिसळलेले कवचांचे तुकडे मार्चमध्ये पिशवी उलटी केल्यावर जसेच्या तसे हाताला लागले, कडासुद्धा धारदार. मिक्सरमध्ये पीठ करून घातली तर काही उपयोग, तोही पुढच्या पिकाला.

आच्छादनाला उसाचं पाचट बोटभर लांबीचं कापून, २ इंच जाड. त्याने पाणी निम्म्यावर येत नाही, पण दुपारची कोमेज नक्की थांबते. पावसाळ्यात मात्र ते इंचभरावर आणा, नाहीतर खाली गोगलगाई आणि वाणी किडे ठाण मांडतात. पावसाने खतही धुपतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये महिन्याचा हप्ता दोन भागांत द्या आणि पिशव्या विटांवर ठेवून भोकं मोकळी राखा. उन्हात काळी पिशवी आतून इतकी तापते की दक्षिणेच्या बाजूची मुळं करपतात आणि गांडुळं मरतात, म्हणून तिच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळा.

कच्च्या शेणखताने हुमणी येते. रोप अचानक मान टाकतं, उपटलं तर मुळं कुरतडलेली आणि खाली इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी. शेणखत ताडपत्रीवर पातळ पसरून हाताने बघितल्याशिवाय पिशवीत घालू नका. मातीतून उडणारे बारीक काळे चिलट त्रासदायक दिसले तरी मोठ्या झाडाला फारसं काही करत नाहीत. वरची इंचभर माती सुकू दिली आणि पिवळे चिकट सापळे लावले की कमी होतात.

चार-पाच महिन्यांत मातीची पातळी ३ इंच खाली बसते, कारण सेंद्रिय भाग जिरतो. पीक संपल्यावर झाड न उपटता खोड मातीलगत कापा, मुळं आत कुजू द्या, आणि २० लिटरमागे गांडूळ खत ३ लिटर, निंबोळी पेंड ५० ग्रॅम, बोनमील ४० ग्रॅम वरच्या थरात मिसळून दोन-तीन आठवडे ओलं ठेवा. फक्त टोमॅटो आणि वांग्याचं एक मूळ आधी उकरून बघा. त्यावर मण्यांसारख्या गाठी असतील तर ते सूत्रकृमी (मुळांत राहणारे सूक्ष्म कृमी) आहेत. तिथे मुळं आत ठेवायची नाहीत. सगळं मूळ काढून टाकायचं, माती ओली करून गच्चीवर ४ इंच थरात पसरायची, पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून झाकायची आणि एप्रिल-मेच्या उन्हात ५ ते ६ आठवडे तशीच ठेवायची. या उष्णतेने सूत्रकृमींबरोबर उपयोगी जिवाणूही बरेच मरतात, म्हणून ही माती परत भरताना गांडूळ खत जास्त लागतं, आणि जीवामृताचा खरा उपयोग इथे होतो. पहिले दोन हंगाम त्या पिशवीत टोमॅटो, वांगं, मिरची नको. झेंडू चालेल.